स्क्रीनशॉट काळा का येतो?



शहापूरला मी संगणकाचे वर्ग घेतो. आठवड्यातले दोन दिवस एसटीने किन्हवली, सरळगाव करत मुरबाडलाही जातो. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीने मुरबाडमध्ये अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान टाकलं आहे. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, अशी कामं. तिला एक सवय मीच लावली होती. अर्जाच्या प्रत्येक टप्प्याला पडद्यावरच्या खिडकीचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. मध्येच वीज गेली तरी आपण कुठवर पोचलो होतो याचा पुरावा राहतो.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. टोकावड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचे काका मुलाच्या अर्जाचा क्रमांक घ्यायला आले. कॉलेजच्या ऑफिसात तो पाचच्या आत द्यायचा होता. हिने फोल्डर उघडलं. अकरा चित्रं होती आणि अकराही काळी. तिचा मला फोन आला, ‘‘सर, माझ्याकडून लॅपटॉप बिघडला का हो?’’

अर्ज गेलेला होता, त्याला काही झालं नव्हतं. पण पुन्हा आत शिरायचं तर पासवर्ड मुलाकडे, मुलगा पाड्यावर, आणि तिथे मोबाइलला रेंज मिळते ती फक्त टेकाडावर. काका जीपने परत गेले, मुलाला टेकाडावर नेलं आणि तिथून फोन आला तेव्हा चार वाजून गेले होते. ऑफिस बंद व्हायच्या आत क्रमांक पोचला. नसता पोचला तर वर्षाची फी काकांच्या अंगावर पडली असती.

लॅपटॉप बिघडला नव्हता, उलट नवा होता. जुन्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर बिनतक्रार चालत होतं. मग बदललं काय?

आपल्याला पडदा एकसंध दिसतो, पण त्यावरचं सगळं एकाच जागी रंगवलेलं नसतं. साधी अक्षरं, चौकटी पूर्वीपासून एका ठरलेल्या जागी रंगवल्या जातात. हल्लीचे ब्राउझर मात्र आपलं पान वेगाने दिसावं म्हणून ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतात. जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर पहिल्याच जागी बघतं. तिथे काही नसतं, म्हणून ते काळी चौकट आणून देतं. तलाठ्याने एक वही चाळून ‘नोंद नाही’ म्हणावं आणि नोंद दुसऱ्याच वहीत असावी, तसा प्रकार.

हे दुखणं जुनंच आहे. विंडोज एक्सपीच्या काळात चालू सिनेमाचा स्क्रीनशॉट घेतला की सिनेमाच्या जागी नुसता रंग यायचा. गंमत म्हणजे तेच चित्र पेंटमध्ये चिकटवलं आणि मागे सिनेमा चालू असला, तर कधी कधी पेंटच्या आत सिनेमा हलताना दिसायचा! वर्गातली मुलं तेव्हा जादू बघावी तशी बघत बसायची.

मी मुरबाडला गेलो तेव्हा आम्ही आधी एक जुना, साधा प्रोग्राम उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेतला. तो स्वच्छ आला. म्हणजे सॉफ्टवेअर पुरतं मेलेलं नव्हतं. मग एका खिडकीऐवजी सबंध पडद्याचं चित्र घेतलं, तर त्यात ब्राउझरही दिसला. इथेच अर्धा उलगडा झाला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिस्टिम या भागात ग्राफिक्सचा वेग वापरण्याचं एक बटण असतं. ते बंद केलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि बारावं चित्र नीट आलं. यात ब्राउझर किंचित मंदावतो, अर्ज भरण्याच्या कामाला त्याने फरक पडत नाही. खरं तर जुनं सॉफ्टवेअर सोडून विंडोजमध्येच असलेली सोय वापरणं अधिक बरं. विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, हवा तो भाग माउसने आखा.

काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन असतात. ब्राउझर एकावर आणि चित्र घेणारं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत असेल तरीही काळं येऊ शकतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या ठिकाणी जाऊन दोघांना एकाच कार्डावर आणावं लागतं. खिडकी खाली मिटवून ठेवलेली असेल तरी चित्र रिकामं येतं, कारण मिटलेली खिडकी रंगवण्याचे कष्ट संगणक बहुधा घेतच नाही. शहापुरात बसून मुरबाडचा संगणक चालवताना माझं स्वतःचं असंच झालं आहे. दूरच्या संगणकाची खिडकी मी मिटवली आणि इकडे चित्रं कोरी!

एक प्रकार मात्र बिघाड नव्हे. बँकेच्या मोबाइल अॅपमध्ये स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत किंवा तो काळा येतो, ते मुद्दाम केलेलं असतं. आपला खाते क्रमांक, पिन कुणी चोरून टिपू नये म्हणून अँड्रॉइडमध्ये तशी सोय आहे. विंडोजमध्येही २००९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून एखादा प्रोग्राम आपल्या खिडकीचं चित्र घेऊ द्यायचं नाही असं ठरवू शकतो. तिथे कुलूप तोडायच्या युक्त्या शोधत बसू नका. पावती डाउनलोड करण्याचं बटण बहुतेक ठिकाणी असतं, ते वापरा.

ती मुलगी आता चित्र घेतलं की लगेच उघडून बघते, मगच गिऱ्हाइकाला उठू देते. रांगेतले लोक कधी कुरकुरतात. आणि चित्र काळं आलंच, तर गिऱ्हाइकाच्याच मोबाइलने पडद्याचा फोटो काढून देते. फोटो वाकडा येतो, पडद्यावर ट्यूबलाइट चमकते, पण अर्जाचा क्रमांक वाचता येतो.