हिंसेचा हिशेब आणि हिंसादानाचा त्याग



अहिंसेचे प्रतिपादन करताना भावनेचा आधार पुष्कळ घेतला जातो, आकड्यांचा क्वचितच. वास्तविक हिंसेचाही हिशेब मांडता येतो आणि चोख मांडलेला हिशेब धर्मविचाराला बळकटीच देतो. अमेरिकेतील बंदुकीचे बळी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

त्या देशात २०२१ साली बंदुकीमुळे ४८,८३० माणसे मरण पावली. वृत्तपत्रांतून शाळांतील व बाजारपेठांतील सामूहिक गोळीबार गाजतात. परंतु एकूण बळींत त्यांचा वाटा अत्यल्प असतो. त्या वर्षी २०,९५८ जणांचा खून झाला, तर २६,३२८ जणांनी आत्महत्या केली. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू आत्मघाताचे होत. स्वसंरक्षणार्थ घरात आणलेले शस्त्र घरच्याच माणसाच्या जिवावर उठते, हे या आकड्यांतून दिसते.

याचे कारण काय? नैराश्य, कर्ज, कलह आणि व्यसन कोणत्याही देशाला चुकलेले नाहीत. फरक पडतो तो हाताशी असलेल्या साधनाने. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे अभ्यासांत आढळले आहे. आवेग ओसरतो, परंतु बंदूक पश्चात्तापाला अवसरच ठेवत नाही.

इस्रायलचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील सैन्याने २००६ साली आठवडाअखेरच्या सुट्टीत सैनिकांनी शस्त्र घरी नेण्यावर निर्बंध घातला. तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. विशेष म्हणजे ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील होती. इतर दिवसांच्या आकड्यांत लक्षणीय फरक पडला नाही. सैनिक तेच, त्यांची दुःखेही तीच. केवळ शस्त्र दूर गेले.

तथापि हिशेबात प्रामाणिकपणा हवा. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाली. त्यानंतर शासनाने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या व नष्ट केल्या. पुढे बंदुकीचे मृत्यू घटले. मात्र ती घट आधीपासूनच सुरू असल्याने कायद्याचे श्रेय किती, याविषयी संख्याशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगताना हिंसादानाचा अंतर्भाव केला आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हाही दोषच. कषाय क्षणात उफाळतो. त्या क्षणी हाती काय आहे, यावर अनर्थ अवलंबून असतो, ही जाण त्या व्रतामागे दिसते.

आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत; परंतु शेतीच्या घरांत कीटकनाशके असतात. ती कुलूपबंद ठेवणे आणि खचलेल्या माणसाला एकटे न सोडणे, हे या व्रताचे आजचे आचरण ठरेल.