मातेचा मान आणि मुलीचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आयुष्याची बहुतेक वर्षे मी शिक्षिका म्हणून घालविली. म्हणून शाळेतल्याच एका प्रसंगापासून सुरुवात करते.

दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. वर्गात पहिल्या तिघींत आलेल्या एका मुलीचे वडील शाळेत आले आणि तिचा दाखला मागू लागले. पुढे कोणत्या कॉलेजात घालणार, असे मी सहज विचारले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आता पुरे झालं. शेवटी तिला आईच व्हायचंय. आणि आपल्या दीनमध्ये आईपेक्षा मोठा दर्जा कुठला?" मुलगी दाराशी खाली मान घालून उभी होती. मला उत्तर सुचले नाही. मुख्याध्यापकांची सही घेऊन मी दाखला त्यांच्या हाती दिला. त्या दिवशी जे बोलायला हवे होते, ते आज आपल्यापुढे बोलते आहे.

त्या गृहस्थांनी आईच्या दर्जाविषयी सांगितले ते अगदी खरे होते. माझ्या सद्वर्तनावर सर्वांत जास्त हक्क कोणाचा, असे एकाने विचारले तेव्हा हजरत पैगंबरांनी (स.) तीन वेळा "तुझ्या आईचा" असे उत्तर दिले आणि चौथ्या वेळी वडिलांचे नाव घेतले. मोहिमेवर निघण्याची परवानगी मागणाऱ्या दुसऱ्या एकाला त्यांनी आईच्या सेवेत राहण्यास सांगितले, कारण जन्नत तिच्या पायाशी आहे. परंतु नीट पाहा. हे दोन्ही उपदेश मुलांना केलेले आहेत. आईचे ऋण कसे फेडावे, हे त्यांत सांगितले आहे. आईने अडाणी राहावे, असे त्यांत कोठेही नाही. मुलांवर घातलेले कर्तव्य आपण मुलीच्या पायातली बेडी केली, तर तो दोष धर्माचा नव्हे, आपला आहे.

कुरआन शरीफमधील सूरह बकराची २३३ वी आयत आपण घरी जाऊन अर्थासह वाचावी, अशी माझी विनंती आहे. मातांनी मुलाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख तीत आहे, आणि ज्यांना ही मुदत पूर्ण करायची असेल त्यांच्यासाठी, असेही म्हटले आहे. त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. कोणावरही कुवतीपलीकडे भार नको, मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे बजावले आहे. मुलाचे दूध तोडायचे तर तेही दोघांच्या संमतीने आणि मसलतीने. मुलाचे दूध तोडण्यासाठी जर आईचे मत घ्यावे लागते, तर तिच्या मुलांची शाळा, तिचे स्वतःचे शिक्षण, तिची नोकरी, यांबाबत तिला न विचारता निर्णय कसा घेता येईल? आणि ज्या स्त्रीशी मसलत करायची, तिला जगाची माहिती नको काय?

पहिल्या वहीचा पहिला शब्द "इक्रा", म्हणजे वाच, असा आहे. पैगंबरांच्या (स.) काळी स्त्रियांनी तक्रार केली, की पुरुषांमुळे आम्हांला आपल्याजवळ शिकायला वाव मिळत नाही. तेव्हा त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र दिवस ठरवून दिला. नमाज पढवीत असताना मूल रडल्याचा आवाज आला, तर आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. याचा अर्थ तान्ह्या मुलांच्या आया मशिदीत जमातीबरोबर उभ्या होत्या! मूल झाले म्हणून त्यांना कोणी घरी बसविले नव्हते. उलट इमामानेच त्यांची सोय पाहिली.

हजरत खदिजा (रजि.) मोठा व्यापार सांभाळीत आणि त्या मुलांच्या आईही होत्या. हजरत आयेशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. तरीही त्या "उम्मुल मोमिनीन", म्हणजे श्रद्धावंतांच्या माता, म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत पोहोचल्या; मोठमोठे सहाबी शंका घेऊन त्यांच्याकडे येत. ज्ञानानेही माता होता येते, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. अलीगढला १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. विरोध पुष्कळ झाला, पण त्याच रोपट्यातून पुढे महिला महाविद्यालय उभे राहिले. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या त्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. त्या राज्यकर्त्या होत्या आणि आईही होत्या.

नोकरी करणाऱ्या आईची ओढाताण होते, हे मी नाकारीत नाही. त्यासाठी आपल्या देशात १९६१ पासून प्रसूती रजेचा कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु कायदा घरात येऊन भांडी घासत नाही. म्हणून मुलांनो, तुम्हांलाही सांगते. पैगंबर (स.) घरी काय करीत, असे विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. घरकामाला हात लावण्यात कमीपणा मानणाऱ्याने ही सुन्नत आठवावी.

आणि मुलींनो, शिकलात म्हणून घर सांभाळणाऱ्या आपल्या आईला कमी लेखू नका. पुढे तुमच्यापैकी कोणी नोकरी करील, कोणी मुलांसाठी घरी राहील. दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. मात्र ती वाट तुम्ही समजून-उमजून निवडलेली असावी.

त्या मुलीची हकिकत अपुरी ठेवीत नाही. बऱ्याच वर्षांनी ती आपल्या मुलीचे नाव घालायला शाळेत आली. अर्ज तिने स्वतः भरला. अक्षर पूर्वीसारखेच सुरेख होते. पालकाचे शिक्षण या रकान्यात तिने "दहावी" लिहिले आणि क्षणभर पेन तसेच धरून बसली. मग म्हणाली, "बाई, हिचा दाखला न्यायला घरचं कोणीही आलं, तरी आधी मला बोलावून घ्या."

पालकहो, यंदा निकालानंतर दाखला मागण्यापूर्वी घरी एकदा मसलत करा. मुलीच्या आईला विचारा आणि मुलीलाही विचारा. एवढेच मागणे करून मी आपली रजा घेते. खुदा हाफिज.