शिशाचा पाऊस

नेमबाजाची नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी छर्राच ओबडधोबड असेल तर तिचा काय उपयोग? साच्यात ओतलेल्या छर्‍याला सांध्याची कड राही. ती घासण्यात फार वेळ जाई.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी नळकाम करणार्‍या विल्यम वॉट्सने १७८२ साली निराळ्याच रीतीचे पेटंट घेतले. उंचावरून पडणारा पातळ शिशाचा थेंब पृष्ठताणाने आपोआप गोल होतो. मात्र त्यासाठी उंची हवी. या गृहस्थाने राहत्या घरावरच मनोरा चढविला आणि घराखाली खोल विवर खणले! किंचित सोमल मिसळलेले वितळते शिसे वर चाळणीतून ओतावयाचे. तळाशी पाण्यात छर्रे पडत. मग ते उतरत्या फळीवरून सोडीत. गोल छर्रे वेगाने जाऊन फट ओलांडीत. बेढब मागे रेंगाळून फटीत पडत व पुन्हा भट्टीत जात. पुढे चाळण्यांनी आकारवार निवड होई. सोमलाच्या वाफा आणि शिशाची धूळ यांचे विष मात्र कामगारांच्याच वाट्याला येणारे.

वॉट्सने पुढे क्लिफ्टनच्या कड्यावर घरे बांधावयास घेतली. तेथील प्रचंड आधारभिंतीत त्याचा पैसा गडप झाला आणि त्याचे दिवाळे वाजले. त्याचा मनोरा मात्र १९६८ पर्यंत उभा होता. रस्तारुंदीसाठी तो पाडण्यात आला.