‘इंटर्नशिप’ नावाचा व्हिसा नसतो
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर’वर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या ग्रुपमधून मला आलेले निम्मे फोन एकाच प्रश्नाचे होते : “अगं, पोराला अमेरिकेत इंटर्नशिप मिळतेय, व्हिसा कुठला घ्यायचा?” म्हणून आज तेवढंच बोलते. मी वकील नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत होते आणि टीममध्ये दर उन्हाळ्यात इंटर्न घ्यायचं काम माझ्याकडे असे. अधिकार म्हणाल तर एवढाच.

इंटर्नशिप नावाचा वेगळा व्हिसा अमेरिका देत नाही. मुलाचं नाव त्या वेळी कुठल्या कॉलेजच्या पटावर आहे, इथून सुरुवात करायची.

पटावर तिथलंच विद्यापीठ असेल, तर मूल एफ-१ व्हिसावर असतं. शिकता शिकता इंटर्नशिप करायची तर सीपीटी. ती विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिसच देतं. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं आणि आय-२० या कागदावर कंपनीचं नाव नि तारखा येतात. त्या तारखेच्या एक दिवस आधीही काम सुरू करता येत नाही. आमच्याकडे निवड झालेला एक मुलगा या कागदासाठी दोन आठवडे खोलीवर बसून होता. आम्ही त्याला लॅपटॉपसुद्धा दिला नव्हता. पदवीनंतरची सोय म्हणजे ओपीटी. ती १२ महिन्यांची, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, गणित अशा विषयांना अटी पाळून आणखी २४ महिने. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरली, तर त्या पदवीवरची ओपीटी जाते. हे मुलांना माहीत असतं, पण घाईत हिशेब राहून जातो.

आता आपल्यापैकी बहुतेकांची मुलं. त्यांचं नाव पुण्याच्या, सांगलीच्या, नाशिकच्या कॉलेजच्या पटावर आहे. त्यांच्यासाठी जे-१ व्हिसातला ‘इंटर्न’ प्रकार असतो. भारतात शिकत असलेल्या किंवा पदवी मिळून १२ महिने न झालेल्या मुलांना तो मिळू शकतो, मुदत जास्तीत जास्त १२ महिने. यात कंपनीचं पत्र पुरत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते. डीएस-२०१९ हा कागद तीच देते, आणि मूल तिथे काय शिकणार याचा आराखडा आधी लिहून, सह्या करून द्यावा लागतो. कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. मला हा नियम आवडतो. फुकटचा हमाल म्हणून पोरगं नेऊ नये, एवढी काळजी तरी त्यात घेतलेली आहे.

आपल्या वर्गातल्या एकीच्या मुलीची गोष्ट तिच्या आईला विचारूनच सांगते. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिकडच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं आणि एजंट म्हणाला, “पगार नाही ना? मग टूरिस्ट व्हिसावर जा, विचारलं तर मावशीकडे चाललेय म्हणून सांग.” मी म्हटलं, पाठवू नकोस. पगार नसला म्हणजे काम नव्हे, असं होत नाही. सॉफ्टवेअर कंपनीत रोज बसून कोड लिहायचा, तर ते कामच. शिवाय खोटं सांगून व्हिसा मिळवला असं ठरलं, तर त्या देशात प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. वीस वर्षांच्या पोरीला हे ओझं कशाला? प्रायोजकाच्या कागदांसाठी थांबायला कंपनी तयार झाली नाही आणि संधी गेली. मुलगी चार महिने माझ्याशी बोलली नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा असाच फोन आला, तरी मी हेच सांगेन.

दुसरं आमिष म्हणजे ‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’. काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत लगेचचं प्रशिक्षण खरोखर सक्तीचं असतं, तिथे ते कायदेशीर आहे. पण वर्ग नावापुरता आणि नोकरी पूर्णवेळ असं कुणी सांगू लागलं, तर मिशिगनमधलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ आठवा. तिथे वर्गही नव्हते, प्राध्यापकही नव्हते. ते अमेरिकेच्या इमिग्रेशन यंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये ते उघड झालं, तेव्हा शंभराहून जास्त भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले. सगळेच लबाड होते असं मी म्हणणार नाही. काहींनी खरोखर फी भरून, विश्वास ठेवून प्रवेश घेतला होता. पण परत पाठवताना तो फरक फारसा उपयोगी पडला नाही.

इतर देशांचं थोडक्यात सांगते. जर्मनीत शिकणाऱ्या मुलांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. हे आकडे बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरच बघा, माझ्या भाषणावर जाऊ नका.

मी उद्या दुपारपर्यंत इथेच आहे. कुणी ऑफर लेटर आणलं असेल, तर जेवणानंतर मागच्या व्हरांड्यात बसू. एजंटाने काही लिहून दिलं असेल, तर तेही आणा. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा, कारण सही त्यांची असणार आहे.