चेंडू एकाच्या हाती, कप्तानी दुसऱ्याच्या घरी
(कन्नड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



मी खेडेगावचा शाळामास्तर. अध्यापक विद्यालयात जे शिकलो तेवढीच माझी विद्या. मला आणणाऱ्या मंडळींचा आग्रह की, मास्तर, हल्लीच्या राजकारणावर बोला. इकडे ओट्यावर बसलेली पोरे मात्र खेळाडूंच्या किमती मोजण्यात गुंग! 2024 च्या नोव्हेंबरात एका क्रिकेटपटूची बोली 27 कोटी रुपयांवर गेली, हे त्यांना पाठ आहे. आपल्या मक्याची बोली लागते तेव्हा एक रुपया वाढवायला व्यापाऱ्याची जीभ किती जड होते, हे त्यांच्या बापांना पाठ आहे. असो. म्हातारे राजकारण बोलतात, तरणे खेळाडूंचे बोलतात, आणि जातीचे सगळेच बोलतात, पण हळू आवाजात. आज मी तिन्ही गोष्टी एकदम आणि मोठ्याने बोलणार आहे.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्यांना माणसांत धरले नाही, ही कथा आपण ऐकली आहे. त्या देशाच्या कसोटी क्रिकेट संघाचा कप्तान 2025 साली तेंबा बावुमा नावाचा काळा गृहस्थ होता. अंगाने ठेंगणा. तिथे संघात काळ्या व इतर अश्वेत खेळाडूंचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. त्यामुळे बावुमा कप्तान झाला तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली की, हा तर राखीव जागेवरचा! जून 2025 मध्ये लंडनला कसोटीचा जागतिक अंतिम सामना झाला. पाय दुखावलेला असताना बावुमा लंगडत धावला, 66 धावा काढल्या, आणि ऑस्ट्रेलियाला हरवून त्याचा संघ जगज्जेता झाला. नाके मुरडणाऱ्यांनी मग टाळ्या वाजवल्या. पण मला विचाराल तर टाळी फार स्वस्त वस्तू आहे. ती कशी, ते आपल्याच मुलखातल्या एका माणसावरून सांगतो.

बाळू पालवणकर हे चांभाराच्या घरचे. त्यांचा जन्म 1876 चा. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे आणि खेळपट्टी लोळवायची, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हात असा वळला की डावखुऱ्या फिरकीत त्यांच्या तोडीचा गडी मिळेना. मग पुण्याच्या हिंदूंना प्रश्न पडला. साहेबाला हरवायचे तर बाळू पाहिजे, आणि बाळू घ्यावा तर विटाळ! तोड निघाली ती ऐका. मैदानात बाळू सर्वांबरोबर खेळणार. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांत पिणार आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा, पिऊन टाकून द्यायला. आमच्या कुंभारदादांनी घडवलेल्या भांड्यात काही उणे नाही, पण ते कोणाला आणि कशासाठी दिले हे पाहा. आणि मौज अशी की, चेंडू कातड्याचा! तो बाळूंच्या हातून सोवळ्या हातांत दिवसभर जात होता, तेव्हा विटाळ कुठे दडून बसला होता?

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीत संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूंनी एकट्याने 114 गडी बाद केले. परत आले, सत्कार झाले, हारतुरे झाले. कप्तानी? ती नाही. 1913 साली पै नावाचे सारस्वत गृहस्थ कप्तान झाले. हा मान बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतः बोलून दाखवले. असे बोलणारा एक तरी निघाला, हे नोंदवले पाहिजे. 1920 साली पुन्हा डावलले, तेव्हा बाळूंचे भाऊ विठ्ठल व शिवराम यांनी खेळायचेच नाकारले आणि कारण वर्तमानपत्रांतून जाहीर केले. मग कुठे अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकप्तान केले. 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि युरोपियनांना हरवून दाखवले. बाळूंचे वय तोवर निघून गेले होते.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. वेस्ट इंडिजच्या संघात काळे खेळाडू किती वर्षे सामने जिंकून देत होते, पण सबंध मालिकेची कप्तानी काळ्या फ्रँक वॉरेलच्या हाती आली ती 1960 साली.

आता राजकारण. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोण उभा केला? बाळू पालवणकर! ज्या खेळाडूचा बाबासाहेबांना तरुणपणी अभिमान वाटला, तोच समोर. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळूंना मी दोष देत नाही. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती, आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पण ज्या थोरांना चहाच्या कपाच्या वेळी बाळू आठवले नाहीत, त्यांना मतपेटीच्या वेळी बरे आठवले! आपल्या वाडवडिलांना त्या वर्षी मतच नव्हते. कन्नड तेव्हा निजामाच्या राज्यात. सर्वांना मत मिळाले ते 1952 साली.

आज मत आहे, राखीव जागा आहेत. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या. पण खुर्चीवर कोण बसलेले दिसते? सही बाईची आणि बोलणे नवऱ्याचे. हे भटजींनी केले म्हणून हात झटकू नका, बापहो. हे आपल्या घरातले आहे.

आणि माझ्याही. तीन वर्षांमागे आमच्या शाळेच्या संघात ऊसतोड्याचा एक मुलगा होता. सामने त्याच्या गोलंदाजीवर जिंकलो. कप्तान निवडायची वेळ आली तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, पोरगं खेळतंय ना? मग अजून काय पाहिजे त्याला?" मी गप्प बसलो आणि नाव त्यांच्या पुतण्याचे लिहिले. मुलगा काही बोलला नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला. बाळूंची गोष्ट मी त्याच वर्गाला शिकवली होती. मला सगळे ठाऊक होते, आणि तरी मी गप्प बसलो.

येत्या सोमवारी शाळेत संघ निवडायचा आहे. मुले उघड हात वर करून कप्तान ठरवतील, मुलींचा संघ वेगळा निघेल आणि तिथेही तसेच होईल. आपण सर्वांनी अकरा वाजता यावे. पालावरच्या मंडळींना निरोप मी स्वतः देऊन आलो आहे.