अस्मानी संकट आणि कोर्टातला देव

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडची केळीची बाग आडवी झाली, की जळगाव असो वा धुळे, आपण म्हणतो, 'अस्मानी संकट आलं!' आसमान म्हणजे आभाळ. शब्द फारसीतून आलेला. त्याची जोडी 'सुलतानी'शी. एक मार निसर्गाचा, दुसरा राज्यकर्त्यांचा.

इंग्रजीत अशा संकटाला 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे देवाची करणी म्हणतात. पण हा वाक्प्रचार रुळला तो कोर्टकचेरीत. आधी ओळखता आणि टाळता न येणाऱ्या नैसर्गिक आपत्तीचा दोष माणसावर टाकू नये, हे त्यामागचं तत्त्व. १८७६ साली इंग्लंडात 'निकोल्स विरुद्ध मार्सलँड' खटल्याचा निकाल लागला. विलक्षण पावसाने खासगी तलावांचे बांध फुटून चार पूल वाहून गेले होते. कोर्टाने तलावमालकाला जबाबदार धरलं नाही.

आपल्या हवामान आधारित फळपीक विम्यात मात्र देवावर भिस्त नाही. तिथे वाऱ्याचा वेग आणि तापमान यांच्या नोंदी बोलतात. तेव्हा केळी उत्पादकांनो, विमा उतरवताना कोणती जोखीम, कोणत्या कालावधीत आणि किती मर्यादेपर्यंत धरली आहे, ते नीट वाचून घ्या.