सरकत्या खोलीची तार

चाळीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलेला माणूस ध्वनिक्षेपकापुढें बसला, कीं त्याला पहिली अडचण पडते ती खडूची. आज मला एक यंत्र समजावून सांगावयाचें आहे आणि आकृति काढावयाला फळा नाहीं. तेव्हां आपल्या घरांतील टेबलाचा खण डोळ्यांपुढें आणा. हा खण खोलीएवढा आहे, त्यांत कोच व जेवणाचें टेबल मांडलेलें आहे, आणि तो ज्यांत बसतो तें सारें घरच मोटारीमागें ओढीत नेतां येतें, अशी कल्पना करा.

जुलै २०२३ मध्यें मी अमेरिकेंत, शिकागोच्या एका उपनगरांत, मुलाकडे राहिलों होतों. तिकडे पुष्कळ कुटुंबांपाशीं अशी घरगाडी असते. तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. रस्त्यावर तिची रुंदी साडेआठ फुटांहून अधिक असून चालत नाहीं. एवढ्या जागेंत चार माणसें बसलीं, कीं एकाचे गुडघे दुसऱ्याला लागतात. म्हणून मुक्कामावर पोंचल्यावर भिंतीचा एक भाग, आंतल्या कोचासकट, दोन-तीन फूट बाहेर सरकवितात. तेथें त्याला स्लाइड-आउट हें नांव आहे. मी सरकती खोली म्हणेन. निघण्यापूर्वीं ती आंत घ्यावीच लागते.

मुलानें ही गाडी जुनी विकत घेतली होती, आणि मी ऑगस्टमध्यें परतण्यापूर्वीं मला सुपीरियर सरोवरापर्यंत न्यावें असा त्याचा बेत होता. आधीं दोन दिवसांची रंगीत तालीम म्हणून आम्ही इंडियाना राज्यांत, मिशिगन सरोवराच्या दक्षिण कांठावरील वाळूच्या टेकड्यांपाशीं गेलों. मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची नात आणि मी. शुक्रवारची संध्याकाळ होती. मुलानें बटन दाबलें. खोली निम्मी बाहेर आली, कोठें तरी 'टणत्' असा आवाज झाला आणि ती तिरपी होऊन थांबली.

"बाबा, आतां हात लावायला नको," मुलगा म्हणाला.

"अरे, अडकली असेल. पुन्हां एकदां दाबून तर पाहा!" मीं सल्ला दिला.

त्यानें वडिलांचा मान राखला. दुसरा 'टणत्' झाला. पहिली तार तुटली ती यंत्राच्या दोषानें. दुसरी तुटली ती माझ्या शहाणपणानें. मुलगा कांहीं बोलला नाहीं, आणि तें न बोलणेंच मला अधिक लागलें. गाडी विकणाऱ्या दुकानाला त्यानें दूरध्वनि केला, तेव्हां सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. म्हणजे सुपीरियर सरोवर संपलेंच. इकडे पश्चिमेला ढग दाटत होते आणि भिंतींत हात जाईल एवढी फट उघडी होती.

शेजारच्या घरगाडींत एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ होते. ते आपण होऊन आले, वांकून पाहिलें, आणि आम्हांला जें सांगितलें तेंच आतां मी आपल्या खणाच्या आधारें सांगतों.

या खोलीला मोटर ढकलीत नाहीं. उघड्या भिंतीच्या वर, लांकडी पट्टीमागें, मोटर आहे. ती दांतेरी चाकावरून एक साखळी फिरविते. साखळीच्या टोकांना पोलादी तारांचे दोर जोडलेले असतात आणि ते कप्प्यांवरून खोलीच्या चार कोपऱ्यांना जातात. आतां दोराचा धर्म असा, कीं तो ओढूं शकतो, ढकलूं शकत नाहीं. मग खण बाहेर कसा जावा? युक्ति सोपी आहे. खणाच्या मागल्या टोकाला दोर बांधून तो टेबलाच्या तोंडाशीं असलेल्या कप्पीवरून ओढला, तर मागचें टोक तोंडाकडे येतें आणि खण बाहेर पडतो. पुढल्या टोकाला दोर बांधून तोंडाकडेच ओढला, तर खण आंत जातो. एका कोपऱ्याला दोन, म्हणून चार कोपऱ्यांना आठ दोर. मोटर एका दिशेला फिरली, कीं चार ओढले जातात व चार सैल सुटतात.

हें ऐकतांच मला आमच्या गांवची मोट आठवली. ज्यांनीं ती पाहिली असेल त्यांना नाडा आणि सोंदूर हे दोन दोर ठाऊक असतील. नाडा मोटेला वर ओढतो, सोंदूर तिची सोंड धरून ठेवतो. दोन्हींचें माप जुळलें तरच पाणी थारोळ्यांत पडतें. सोंदूर थोडा लांब झाला, कीं तें अर्ध्या वाटेवरच विहिरींत सांडतें. बैलांना कितीहि हाकलें तरी काय उपयोग? मीं त्या संध्याकाळीं बैलांनाच हाकावयाला सांगितलें होतें.

आमच्या तुटलेल्या दोन्ही तारा एकाच बाजूच्या व बाहेर ओढणाऱ्या होत्या. आंत ओढणाऱ्या चारी शाबूत होत्या. म्हणजे खोली आंत घेतां येत होती. मात्र मोटरीनें नव्हे. मोटरीला वांकडेंतिकडें कळत नाहीं. वृद्ध गृहस्थांनीं विजेची जोडणी काढविली, तुटलेलीं टोकें चामडी हातमोजे घालून बाजूला बांधलीं आणि नातीला लांब बसविलें. मुलगा आंतून पान्यानें मोटरीचा दांडा थोडथोडा फिरवी. आम्ही दोघे बाहेरून मागें राहिलेली बाजू खांद्यानें रेटून सरळ करूं. पाऊण तासानें खोली बसली. पावसाचे थेंब त्यानंतर पडूं लागले. मीं मात्र हातमोजे नको म्हटलें होतें. तारेचा एक बारीक कांटा अंगठ्यांत शिरला, तो सूनबाईंनीं चिमट्यानें काढला.

रात्रीं मीं तुटकें टोक उलगडून पाहिलें. सात पदर, प्रत्येकांत एकोणीस बारीक तारा, म्हणजे एकंदर १३३. तारेचा दोर प्रथम जर्मनींतील हार्ट्झच्या खाणींत, विल्हेल्म आल्बर्ट नांवाच्या अधिकाऱ्यानें १८३४ मध्यें वापरांत आणला. साखळीची एक कडी तुटली, कीं सारेंच खालीं जाई. दोराची एक तार तुटली, तर बाकीच्या भार घेतात आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो. आमच्या दोरानें इशारा दिलाच असणार. पाहणारा नव्हता.

सकाळीं खरें कारण सांपडलें. वरची लांकडी पट्टी उतरवून आम्हीं एकेक कप्पी बोटानें फिरवून पाहिली. सात फिरल्या. आठवी गंजून दगडासारखी झाली होती आणि तार तिच्यावरून फिरण्याऐवजीं घांसत जात होती. नुसती नवी तार घातली असती, तर तीहि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागीं तुटली असती. उरलेल्या तारांवरून कापसाचें फडकें फिरविलें. जेथें धागा अडकतो तेथें तार उसवलेली समजावी. ह्या कामीं उघडा हात वापरूं नये, हें मी अनुभवानें सांगूं शकतों.

घरगाड्यांच्या धंद्याची राजधानीच असें जें एल्कहार्ट गांव, तें तेथून फार दूर नाहीं. मुलानें दुपारपर्यंत तेथून दोन तारा व कप्पी आणली. मोडकी तार काढण्यापूर्वीं तिच्या शेपटाला सुतळी बांधून ठेवली, म्हणजे पायजम्यांत नाडी ओंवावी तशी नवी तार मागोमाग ओढून घेतां येते. ही सूचना सूनबाईंची.

मग ताण जुळविणें. प्रत्येक तारेच्या टोकाला आटे व नट असतो. मीं तंबोऱ्यासारख्या तारा छेडून सूर लावावयास आरंभ केला, तेव्हां वृद्ध गृहस्थ मोठ्यानें हंसले. तारांची लांबी निराळी, तर सूर एक कसा येईल? गणिताच्या मास्तरांना हें सुचूं नये! त्यांनीं अंगठ्यानें दाबून ढिलाई पाहावयाला शिकविलें. एक तार आंवळावयाची तर तिच्या विरुद्ध तारेचा नट आधीं सैल करावा, पाव फेऱ्याहून अधिक एका वेळीं फिरवूं नये, आणि दर खेपेस खोली आंतबाहेर करून चारी कोपरे मोजपट्टीनें मोजावे. मुलगा नट फिरवी, मी आंकडे वहींत मांडीं. अकराव्या खेपेला चारी कोपरे जुळले. वही बघतां बघतां तो म्हणाला, "बाबा, सुपीरियरला जातांना ही वही घ्यायची बरं का."

आम्ही जाऊन आलों. गंजलेली कप्पी मीं मागून घेतली. परततांना विमानतळावर अधिकाऱ्यानें ती पिशवींतून काढली, काय असावें म्हणून फिरवून पाहिली; पण ती फिरली नाहीं.